पेशींचा अभ्यासक : डॉ. वसंत खानोलकर

मुलांनो, गोंदियातील कोणत्याही मोठ्या दवाखान्याच्या रस्त्याने जा. तुम्हांला एक पाटी हमखास दिसेल. तिच्यावर 'पॅथॉलॉजी लॅब' असे लिहिलेले असते. ताप उतरत नसला की डॉक्टर आपल्याला तेथे पाठवतात. तेथला माणूस दंडातून रक्त काढतो, लहानशा नळीत भरतो आणि संध्याकाळी यायला सांगतो. संध्याकाळी एक कागद मिळतो. तो वाचून डॉक्टर औषध लिहितात. त्या कागदाखाली ज्यांची सही असते, ते डॉक्टर मात्र आपल्याला सहसा दिसत नाहीत. ते आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकापुढे बसलेले असतात. रोगी बरा होतो आणि दुसऱ्याच डॉक्टरांना दुवा देऊन घरी जातो.

पॅथॉलॉजीला मराठीत विकृतिशास्त्र म्हणतात. रोगामुळे शरीरात नेमका कोणता बिघाड झाला, हे शोधणारे ते शास्त्र आहे. आपल्या देशात हे शास्त्र ज्यांनी रुजवले, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची ओळख आज आपण करून घेऊ. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक असे त्यांना म्हटले जाते.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतक मराठा कुटुंबात झाला. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम. डी. झाले. त्या काळी विलायतेहून शिकून आलेला डॉक्टर मोठा दवाखाना थाटत असे. त्याच्या दारात रोग्यांची रांग लागे आणि हाती पैसाही चांगला येई. खानोलकरांनी तो मार्ग धरला नाही. मुंबईला परत येऊन ते अध्यापक झाले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही नामांकित संस्थांमध्ये त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले.

आता पुढे जाण्यापूर्वी त्यांचा विषय थोडा समजून घेऊ. त्यावाचून त्यांचे मोठेपण कळायचे नाही.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. उर्दूत आपण पेशीला 'खलिया' म्हणतो आणि सूक्ष्मदर्शकाला 'खुर्दबीन'. भिंत जशी विटांची, तसे शरीर पेशींचे, असे विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही वाचले असेल. पण वीट निर्जीव असते. पेशी जिवंत असते. ती अन्न घेते, श्वासातून आलेला प्राणवायू वापरते, काम करते, आपला केर बाहेर टाकते आणि एक दिवस मरते. रोग म्हणजे पेशींचा आजार होय, हा विचार जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्शो यांनी १८५८ साली आपल्या ग्रंथात मांडला. त्यापूर्वी लोक रोगाचे कारण कधी वाईट हवेत, तर कधी शरीरातील रसांच्या बिघाडात शोधत असत.

पेशीला मारणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. रक्त पोचले नाही की ती मरते, विष लागले की मरते, रोगजंतूंनी घेरले की मरते. हृदयाच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की त्या वाहिनीवर अवलंबून असलेल्या पेशी अर्ध्या तासाच्या आसपास मरू लागतात. आपण त्याला हार्ट अटॅक म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेली पेशी चटकन ओळखू येते. पेशीच्या मध्यभागी एक गोल केंद्रक असते. ते आधी आक्रसून गडद होते, मग त्याचे तुकडे होतात किंवा ते विरघळत विरघळत फिके होऊन दिसेनासे होते. जणू घरातला दिवा विझतो. क्षयरोगात मेलेल्या पेशींचा पनीरसारखा पांढरट लगदा तयार होतो. तो पाहूनच अनुभवी डॉक्टर क्षयाचा संशय घेतात.

काही वेळा पेशी लगेच मरत नाही. तिच्यात नको त्या वस्तू साठत जातात. ज्या घरातला केर रोज बाहेर पडत नाही, त्या घराचे काय होईल? दारू पिणाऱ्या माणसाच्या यकृतातील पेशींत चरबीचे थेंब साठतात. धुरात राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात काजळी साठते. ज्या मुलांना थॅलेसेमियामुळे पुन्हा पुन्हा रक्त द्यावे लागते, त्यांच्या यकृतात आणि हृदयात लोह साठते आणि ते काढण्यासाठी वेगळे औषध घ्यावे लागते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत, हे तुम्हांला ठाऊक असेलच. तुमच्यापैकी काहींची तपासणीही झाली असेल. त्या आजारात लाल रक्तपेशीतील हिमोग्लोबिन जन्मतःच सदोष असते. प्राणवायू कमी पडला की ते एकमेकांना चिकटते आणि पेशीत त्याचे लांब धागे तयार होतात. गोल, मऊ रक्तपेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग हातपाय असह्य दुखतात. दुखणे अंगभर असते, पण त्याचे मूळ एका पेशीच्या पोटात असते.

हे सर्व पाहायचे कसे? रोगी भागाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तो औषधी पाण्यात ठेवतात, म्हणजे सडत नाही. नंतर तो मेणात बसवतात. एका धारदार यंत्राने त्या मेणाचे इतके पातळ काप करतात, की एका मिलिमीटरमध्ये सुमारे २०० काप बसावेत. तो काप काचेच्या पट्टीवर चिकटवतात. त्याला निळा आणि गुलाबी रंग देतात. केंद्रक निळे दिसते आणि बाकीची पेशी गुलाबी. मग सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी ठेवून डॉक्टर पाहत बसतात. कधी पाच मिनिटांत उत्तर सापडते, कधी दोन दोन दिवस सापडत नाही. या कामात घाई चालत नाही. एका चुकीच्या शब्दामुळे निरोगी माणसाचा अवयव कापला जाऊ शकतो किंवा खरा रोगी औषधावाचून घरी जाऊ शकतो.

खानोलकरांनी हे काम जन्मभर केले. विद्यार्थ्यांना शिकवताना एक अडचण होती. पाठ्यपुस्तके विलायतेत लिहिलेली होती. त्यांत तिकडच्या रोग्यांचे, तिकडच्या रोगांचे वर्णन असे. आपल्या देशातले लोक काय खातात, काय चघळतात, कसे कपडे घालतात, कोणत्या रोगाने मरतात, हे त्या पुस्तकांत कोठून येणार? हे पुस्तक आपले आपणच लिहायला हवे होते. त्याची मोठी संधी खानोलकरांना १९४१ साली मिळाली.

त्या वर्षी २८ फेब्रुवारी रोजी मुंबईच्या परळ भागात टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या न्यासाने कर्करोगासाठी हे रुग्णालय बांधले. तेथील प्रयोगशाळांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. तेव्हा त्यांचे वय ४५ वर्षांचे होते.

आजही आपल्या जिल्ह्यातले कितीतरी लोक त्या रुग्णालयात जातात. विदर्भ एक्सप्रेस आपल्याच गोंदियाहून सुटते आणि रात्रभर धावून सकाळी मुंबईला पोचते. त्या गाडीत तोंडाला रुमाल लावून बसलेला एखादा माणूस आणि त्याच्या शेजारी फायलींची पिशवी मांडीवर घेतलेली बाई तुम्ही पाहिली असेल. त्या फायलीत जो महत्त्वाचा कागद असतो, तो पेशींच्या तपासणीचा असतो.

कर्करोगाला उर्दूत 'सरतान' म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा. संस्कृत भाषेतल्या 'कर्क' शब्दाचा अर्थही खेकडाच. इंग्रजीतला कॅन्सर हा शब्दही लॅटिन भाषेतल्या खेकड्यावरून आला आहे. इतक्या दूरदूरच्या लोकांनी या रोगाला एकच नाव द्यावे, याची मला नेहमी गंमत वाटते. पसरलेल्या गाठीच्या नांग्या सर्वांनाच सारख्या दिसल्या असाव्यात.

कर्करोगात एक उलटी गोष्ट घडते. निरोगी शरीरात काही पेशींनी वेळेवर मरणे आवश्यक असते. बेडकाच्या पिलाला शेपटी असते. ते मोठे झाले की शेपटीतल्या पेशी शिस्तीने मरतात आणि शेपटी नाहीशी होते. आईच्या पोटात आपल्या बोटांमधली कातडीही अशीच नाहीशी होते, म्हणून बोटे सुटी होतात. झाडाचे पिकले पान गळावे तसे हे मरण असते. त्याला १९७२ साली शास्त्रज्ञांनी जे ग्रीक नाव दिले, त्याचा अर्थही पानगळ असाच आहे. कर्करोगाची पेशी गळून पडण्याचे नाकारते. ती वाढतच राहते आणि शेजारच्या चांगल्या पेशींची जागा व अन्न बळकावते.

टाटा रुग्णालयात रोगी येऊ लागले, तेव्हा खानोलकरांना एक गोष्ट खटकली. युरोपात ज्या अवयवांचे कर्करोग अधिक दिसत, ते येथे तितके दिसत नव्हते. येथे तोंडाच्या कर्करोगाचे रोगी फार होते. कोणाच्या गालात जखम होती, कोणाच्या जिभेवर, कोणाच्या हिरडीवर. खानोलकरांनी ओळीने आलेल्या १,००० रोग्यांची माहिती गोळा केली आणि १९४४ साली ती अमेरिकेतील एका कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली.

हजार माणसांची माहिती आज संगणकात एका दिवसात भरता येईल. तेव्हा ती कागदावर लिहावी लागे. प्रत्येक रोग्याला विचारावे लागे. गाव कोणते, धंदा कोणता, खाणे काय, पान खाता का, तंबाखू कोणत्या गालात धरता, बिडी ओढता का? विकृतिशास्त्रज्ञाने काचपट्टी पाहून निदान लिहून दिले की त्याचे काम संपले, अशी पद्धत होती. खानोलकर मात्र काचपट्टीवरून नजर उचलून तो तुकडा ज्याच्या तोंडातून आला, त्या माणसाच्या घरापर्यंत जात. मला त्यांचा हा गुण सर्वांत मोठा वाटतो.

मुंबईत अनेक समाज एकत्र राहतात. हवा एक, पाणी एक, तरी त्यांचे कर्करोग वेगवेगळे होते. पारशी लोक अग्नीला पवित्र मानतात, त्यामुळे त्यांच्यात धूम्रपान कमी. त्यांच्यात तोंडाचा कर्करोगही कमी दिसे. उलट त्यांच्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक दिसे. अशा फरकांवरून खानोलकरांचे लक्ष माणसांच्या रोजच्या सवयींकडे गेले.

१९४५ साली त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्याबरोबर आणखी एक लेख लिहिला. भारतीयांच्या रोजच्या चालीरीतींमुळे होणाऱ्या तीन नव्या प्रकारच्या कर्करोगांविषयी तो होता. त्यांतला एक प्रकार धोतराचा होता. तुम्हांला हसू येईल, पण ही खरी गोष्ट आहे. काही माणसे धोतर कमरेला फार घट्ट कसत. वर्षानुवर्षे एकाच जागी कापड घासे. तेथली कातडी आधी काळी पडे, मग जाड होई, मग तेथे जखम होई आणि काहींच्या बाबतीत त्या जखमेचा कर्करोग होई. काश्मीरमध्ये लोक थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात. त्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर असाच कर्करोग होतो, हे आधीपासून माहीत होते.

धोतराचा काठ आणि कांगडीची धग यांत सारखे काय आहे? दोन्हींमुळे एकाच जागच्या पेशी रोज थोड्या थोड्या मरतात. मेलेल्यांची जागा भरायला शेजारच्या पेशींना रोज नव्या पेशी बनवाव्या लागतात. एखादे पान रोज पन्नास वेळा उतरवून काढायला सांगितले, तर कधीतरी अक्षर चुकणारच. पेशीही अशीच चुकते. तीस वर्षांत एखादीच चूक अशी होते, की पेशी मरणे विसरते.

तंबाखूत याहून वाईट प्रकार आहे. चुन्याने गालाची आतली नाजूक कातडी भाजते आणि तंबाखूतले विष पेशीच्या केंद्रकालाच इजा करते. म्हणजे उतरवून घ्यायचे पान रोजचे, आणि मूळ पानावरही शाई सांडलेली. १९५५ साली डॉ. संघवी, डॉ. राव आणि डॉ. खानोलकर यांचा लेख ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात त्यांनी कर्करोगाचे रोगी आणि इतर माणसे यांच्या सवयींची तुलना केली होती. तंबाखू चघळणाऱ्यांना तोंडाच्या आतला कर्करोग अधिक होतो आणि धूम्रपान करणाऱ्यांना जिभेच्या मुळाचा व घशाचा, असे त्यातून दिसले. विष जेथे साठते तेथेच रोग उगवतो, हे आता आकड्यांनी सिद्ध झाले.

मुलांनो, हे वाचताना आपले गोंदिया डोळ्यांपुढे येते की नाही? आपले शहर बिडीच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपत्ता येतो. कितीतरी घरांत आई, खाला, आपा मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. त्या पैशांतून मुलांची वह्यापुस्तके येतात, हेही खरे आहे. मी त्या कष्टाला नावे ठेवणार नाही. त्या घरांतली मुले माझ्या वर्गात बसतात आणि त्यांच्या दप्तराला तंबाखूचा वास येतो. पण ओढणाऱ्याच्या घशात काय घडते, ते खानोलकरांनी काचपट्टीवर पाहिले होते.

आणि खर्रा! सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा आपल्या विदर्भात जागोजागी मिळतो. सुपारीमुळे गालाच्या कातडीखाली ताठ तंतू साठत जातात. साठा वाढला की गाल लाकडासारखा कडक होतो आणि तोंड उघडेनासे होते. आधी तिखट लागते, मग पोळीचा घास आत जात नाही, मग दोन बोटेही तोंडात शिरत नाहीत. १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी भारतात या आजाराचे वर्णन केले. साठलेले तंतू परत जात नाहीत, आणि अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. खर्रा मात्र पन्नीच्या पुडीत बांधून मिळतच राहिला. आरशापुढे उभे राहा आणि आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहा. तुमची जातीलच. घरातल्या मोठ्या माणसांनाही पाहायला सांगा.

खानोलकरांचे दुसरे मोठे काम कुष्ठरोगावर झाले. उर्दूत त्याला 'जुजाम' म्हणतात. आपल्या पूर्व विदर्भाला हा रोग फार जुना ठाऊक आहे. १९४९ साली बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, ते याच रोगाच्या लोकांसाठी. त्या काळी लोक कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढत. हा पापाचा भोग आहे, असे समजत. बोटे झडतात म्हणून त्याच्या सावलीलाही भीत.

नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू शोधला होता. तरीही शरीरात शिरल्यावर हा जंतू आधी कोठे जातो आणि काय करतो, हे पुरते उलगडले नव्हते. खानोलकरांनी रोगाची अगदी सुरुवात असलेल्या माणसांच्या कातडीचे तुकडे तपासले. चट्टा नुकताच उमटला आहे, बाकी काही त्रास नाही, अशा वेळचे ते तुकडे होते. त्यांना दिसले, की या जंतूची ओढ मज्जातंतूंकडे असते. आरंभीच्या चट्ट्यातही मज्जातंतूंना इजा झालेली असते. हा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला.

ज्या रोग्याचे शरीर जंतूंशी लढू शकत नाही, त्याच्या कातडीत आणखी एक दृश्य दिसते. शरीरात सफाई करणाऱ्या पेशी असतात. त्या जंतूंना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्यांच्या पोटात जंतूंचे भारे आणि चरबीसारखा पदार्थ साठतो. पेशी फेसाने भरल्यासारखी फुगलेली दिसते. विशेष रंग दिला की तिच्यात लाल काड्यांच्या जुड्या दिसतात. झाडूवाला केराखाली दबून जावा, तसे हे आहे.

मज्जातंतू मेला की काय होते, ते नीट समजून घ्या. हाताला स्पर्श कळत नाही, चटका कळत नाही. बाई चुलीवरचे भांडे उतरवते आणि बोटे भाजली तरी तिला समजत नाही. शेतकऱ्याच्या तळव्यात काटा मोडतो आणि तो त्याच पायाने दिवसभर धानाच्या बांधीत उभा राहतो. जखम चिघळते, हाड झिजते, बोटे आखूड होतात. बोटे आपोआप गळून पडत नाहीत. मेलेले मज्जातंतू राखण करीत नाहीत म्हणून ती जातात. यात पाप कोठे आहे? एक जंतू आहे आणि एक मेलेली तार आहे. आज कुष्ठरोगावर खात्रीची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ती लवकर सुरू केली तर मज्जातंतू वाचतात आणि बोटेही वाचतात. म्हणून फिका, बधिर चट्टा लपवायचा नसतो.

खानोलकरांना प्रत्येक गोष्टीत यश आले असे नाही. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ धडपड केली. १९५८ साली त्यांना रोग्याच्या शरीरातून एक जंतू वाढवता आला. त्यापासून पुढे लसही तयार करण्यात आली. पण तो जंतू कुष्ठरोगाचा नव्हे, त्याच्या जवळच्या कुळातला आहे, असे नंतरच्या तपासणीत दिसले. खरा जंतू आजही काचेच्या भांड्यात कृत्रिम अन्नावर वाढत नाही.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. खानोलकर त्याचे संस्थापक होते. तेथे त्यांनी नव्या मुलामुलींना जमवले. त्यांत एक होत्या पुण्याच्या कमल रणदिवे. १९४९ साली त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. मिळवली. खानोलकरांनी त्यांना अमेरिकेत पुढील शिक्षणासाठी जाण्यास उत्तेजन दिले. त्या काळी विवाहित स्त्रीला प्रयोगशाळेच्या कामासाठी परदेशी पाठवणे ही साधी गोष्ट नव्हती. कमलताई परत आल्या आणि शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवून वाढवण्याची प्रयोगशाळा त्यांनी येथे उभी केली. आता मेलेल्या पेशींच्या रंगवलेल्या कापांबरोबर जिवंत पेशीही पाहता येऊ लागल्या. पुढे त्या काही काळ त्याच संस्थेच्या संचालक झाल्या आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. गुरूला हाच किताब १९५५ साली मिळाला होता.

देशभरातील विकृतिशास्त्रज्ञांची संघटना १९४९ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष खानोलकरच होते. अणुस्फोटांच्या किरणांमुळे माणसावर काय परिणाम होतात, हे तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या शास्त्रीय समितीत त्यांनी भारतातर्फे काम केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले. मानसन्मानांची ही यादी आणखी लांबवता येईल, पण तिच्यात त्यांचे खरे काम दिसत नाही.

एकदा हा विषय शिकवताना एका मुलाने मला विचारले, की माणूस मेल्यावर किंवा त्याचा अवयव कापून टाकल्यावर त्याच्या पेशी पाहून त्याला काय फायदा? प्रश्न चोख होता. त्या माणसाला बहुतेक वेळा काहीच फायदा होत नाही. खानोलकरांच्या त्या हजार रोग्यांपैकी कितीतरी जण उशिरा आले होते. त्या काळी त्यांच्यासाठी फारसे काही करता येत नव्हते. तरीही आपण काय खात होतो, काय ओढत होतो, हे त्यांनी सांगितले आणि आपल्या जखमेचा तुकडा दिला. त्यांची नावे कोणाला माहीत नाहीत. तंबाखूच्या पुडीवर आज जे भयंकर चित्र छापलेले असते, त्याच्या पाठीमागे अशाच अनेक देशांतल्या रोग्यांची माहिती उभी आहे.

डॉ. खानोलकर २९ ऑक्टोबर १९७८ रोजी वारले. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. त्यांनी सुरू केलेले संशोधन केंद्र १९६६ साली टाटा रुग्णालयाशी जोडले गेले आणि पुढे नवी मुंबईतील खारघर येथे नव्या जागेत गेले. तेथील एका इमारतीला 'खानोलकर शोधिका' असे नाव दिले आहे.

आपल्या गोंदियातही २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे विकृतिशास्त्राचा विभाग आहे. दुसऱ्या वर्षाची मुले तेथे बाकांवर ओळीने बसतात आणि एक डोळा बारीक करून सूक्ष्मदर्शकात पाहतात. सुरुवातीला त्यांना नुसते निळे आणि गुलाबी ठिपके दिसतात. मग त्यांचे शिक्षक मागून येतात, काचपट्टी जराशी सरकवतात आणि आक्रसलेल्या एका केंद्रकावर त्यांची नजर आणून ठेवतात.